धावफलकावर देव शोधू नका

मराठी मंडळ्यांतील पाळकसाहेब, धर्मगुरू आणि शब्बाथ शाळेचे शिक्षक-शिक्षिका यांस,



३० ऑक्टोबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा केल्या. ३३९ धावांचे लक्ष्य गाठून भारत महिला क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम फेरीत गेला आणि सामना संपल्यावर माइक हातात येताच तिने येशूचे आभार मानले. त्यानंतरचा रविवार २ नोव्हेंबरचा, म्हणजे अंतिम सामन्याचाच दिवस. त्या सकाळी आपल्यापैकी किती जणांनी आधी काढलेली टिपणे बाजूला सारून जेमिमावर उपदेश केला असेल, याचा मला अंदाज आहे. मी ऐकला तो चांगलाच रंगला. मागच्या बाकांवरची पोरे मोबाइल खिशात ठेवून ऐकत होती, हीच मोठी गोष्ट. भांडुपमध्ये वाढलेली मुलगी, आपल्यासारखीच प्रार्थना करणारी, आणि साऱ्या देशासमोर तिने न लाजता प्रभूचे नाव घेतले. मलाही भरून आले.

तरीही हे पत्र लिहितो आहे, कारण तो उपदेश ज्या वाक्यावर संपला ते वाक्य मी जन्मभर ऐकत आलो आहे. विश्वास धरला की देव जिंकून देतो, असे ते वाक्य. मी शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालो, खो-खोच्या मैदानावर शिट्टी घेऊन उभा राहिलो, आणि या वाक्याचे पुढे मुलांच्या मनात काय होते ते मी फार जवळून पाहिले आहे.

जिल्हा पातळीवरचा उपांत्य सामना होता. आमच्या मुली एका गुणाने हरल्या. त्यांच्यातली एक ख्रिस्ती मुलगी, सामन्याआधी सगळ्यांना गोल उभे करून प्रार्थना करणारी, खुंटाजवळ मातीत बसून गुडघ्याची पट्टी सोडत होती. पट्टीला रक्त आणि माती चिकटून ती घट्ट झाली होती. वर न पाहताच तिने विचारले, "सर, त्यांच्यात कुणी जास्त प्रार्थना करणारं होतं का हो?" तिला ते कुणी शिकवले, हे मला विचारावे लागले नाही. मागच्याच आठवड्यात तरुण संघाच्या सभेत तिने ते ऐकले होते.

खेळातून विश्वासाचे धडे काढू नका, असे माझे म्हणणे मुळीच नाही. माझी तक्रार एवढीच की आपण धडा काढतो तो जवळजवळ नेहमी धावफलकावरून.

जेमिमाचेच घ्या. त्या स्पर्धेची सुरुवात तिने गुवाहाटीत श्रीलंकेविरुद्ध पहिल्याच चेंडूवर भोपळ्याने केली. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पुन्हा शून्य. इंग्लंडविरुद्धच्या इंदूरच्या सामन्यात तिला संघातून वगळले आणि तो सामना आपण चार धावांनी हरलो. उपांत्य सामन्यात ती ८२ वर असताना यष्टिरक्षक अलिसा हीलीच्या हातून तिचा झेल सुटला, १०६ वर असताना ताहलिया मॅकग्राने दुसरा सोडला. अंतिम सामन्यात तिच्या धावा झाल्या २४. आता १२७ धावा देवाने दिल्या असे आपण व्यासपीठावरून सांगितले, तर गुवाहाटीचा भोपळा कुणी दिला, हे शब्बाथ शाळेतले चुणचुणीत पोर विचारणारच. आणि झेल सोडलेल्या त्या दोघींना आपण काय सांगणार आहोत?

ती स्वतः मात्र फार वेगळे बोलली होती. त्या रात्रीच्या पत्रकार परिषदेत तिने सांगितले की स्पर्धेच्या सुरुवातीला तिला चिंतेने घेरले होते, सामन्याआधी आईला फोन करून ती रडत असे, आणि संघातल्या अरुंधती रेड्डीसमोर तर जवळजवळ रोज रडली. अडचणीत असाल तर मदत मागा, मदत मागण्यात काही वावगे नाही, असा तिचा सूर होता. शेवटच्या षटकांत अंगातली शक्ती संपत आली तेव्हा निर्गममधले, स्थिर उभे राहण्याविषयीचे वचन ती मनात घोळवत होती, हेही तिने सांगितले. ते वचन तांबड्या समुद्राच्या काठचे आहे. पुढे पाणी, मागे फारोची फौज, आणि लोक घाबरून मोशेवर ओरडत आहेत. जिंकण्याची खात्री असलेल्या माणसाला ते वचन लागतच नाही.

मी ऐकलेल्या उपदेशात १२७ होते, रडणे नव्हते. आपल्या मंडळ्यांत रात्र रात्र झोप न येणारी, छातीत धडधडणारी तरुण मुले-मुली आहेत. घरच्यांना सांगितले तर "प्रार्थना कमी पडते तुझी" असे ऐकावे लागते, म्हणून ती गप्प असतात. देशाच्या संघातली एक खेळाडू, बायबल वाचणारी, कॅमेऱ्यासमोर म्हणते की मी मोडले होते आणि मैत्रिणींनी मला उचलले. याहून मोठी साक्ष त्या मुलांना कुठून आणून देणार? आपण ती हातातून घालवली आणि धावा मोजत बसलो.

शिवाय येशूचे नाव घेतले म्हणून समाजमाध्यमांवर तिला शिव्या देणारे निघाले, तेव्हा आपणही घाईघाईने तिला आपला झेंडा करून टाकले. पंचवीस वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर एवढे ओझे देऊ नये. उद्या ती पुन्हा शून्यावर बाद होईल, प्रत्येक फलंदाज होतो, तेव्हा त्या झेंड्याचे काय करणार?

याबाबतीत पौलाकडून शिकण्यासारखे आहे. खेळाचे दाखले देणाऱ्या उपदेशकांचा तो मूळपुरुष. करिंथ शहरापासून जवळच इस्थमियाला दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत. पौल करिंथात दीड वर्ष राहिला, तंबू शिवून पोट भरले. ते खेळ त्याने पाहिले असावेत, असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते. तिथे विजेत्याला मिळे तो पाइनच्या पानांचा किंवा सुकवलेल्या सेलरीचा मुकुट. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो धावणाऱ्यांचा आणि मुष्टियोद्ध्यांचा दाखला देतो आणि त्या नाशवंत मुकुटावर बोट ठेवतो. क्रीडादिनाच्या उपासनेला हा उतारा ठरलेला. पण त्या अध्यायात पौल नक्की कशाविषयी बोलतो आहे? आठव्या अध्यायापासून त्याचा विषय एकच आहे: हक्क असूनही तो सोडणे. दुबळ्या भावाला अडखळण होते म्हणून मांस सोडणे, सुवार्तेचे काम करूनही मानधनाचा हक्क न बजावणे. खेळाडू तिथे येतो तो जिभेवर आणि अंगावर ताबा ठेवणारा, बाकीचे खातात ते न खाणारा माणूस म्हणून. विजयाची मिरवणूक त्या उताऱ्यात नाही.

आणि शेवटची ओळ बहुतेक वेळा वाचलीच जात नाही. दुसऱ्यांना घोषणा करून मी स्वतःच बाद ठरू नये, अशी भीती पौल तिथे बोलून दाखवतो. पाळकसाहेब, रागावू नका, पण ही ओळ खेळाडूंसाठी लिहिलेली नाही. ती उपदेश करणाऱ्यांसाठी आहे.

आता धावपटू एरिक लिडेलकडे वळतो. त्याच्याइतका दाखला आपण दुसऱ्या कुणाचाच देत नसू. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या प्राथमिक शर्यती रविवारी, ६ जुलैला होत्या. प्रभूच्या दिवशी धावणार नाही म्हणून त्याने ती शर्यत सोडली. ४०० मीटर धावला, ११ जुलैला ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक आणि विश्वविक्रम. १९८१ च्या 'चॅरियट्स ऑफ फायर' या चित्रपटाने ही गोष्ट घरोघरी नेली आणि आपल्या सुट्टीतल्या बायबल शाळांनीही. चित्रपटात त्याला बोटीवर चढताना रविवारचे कळते, ते खरे नाही. वेळापत्रक कित्येक महिने आधी जाहीर झाले होते. त्याने शांतपणे ठरवले आणि तेवढे महिने ४०० मीटरचा सराव केला. मला हा लिडेल चित्रपटातल्यापेक्षा जास्त आवडतो. एका क्षणाच्या धाडसापेक्षा हिवाळ्याच्या थंडीत रोज वेगळ्या अंतराची तयारी करणे अवघड असते, हे कुठल्याही धावपटूला विचारा.

आपली गोष्ट मात्र सुवर्णपदकाशी संपते. देवाचा मान राखला म्हणून देवाने त्याचा मान राखला, आमेन. पण लिडेल त्यानंतर साडेवीस वर्षे जगला, तेही कसा? १९२५ मध्ये तो चीनला गेला. मिशनरी आईबापांच्या पोटी तिथेच, तिएंत्सिनला त्याचा जन्म झाला होता. तिथल्या कॉलेजात विज्ञान शिकवले, पुढे दुष्काळ आणि युद्ध यांनी पिचलेल्या खेड्यांत काम केले. जपानी आक्रमण वाढले तेव्हा १९४१ मध्ये गरोदर बायकोला आणि दोन मुलींना त्याने कॅनडाला पाठवले. तिसरी मुलगी त्याने कधी पाहिली नाही. १९४३ पासून तो शांतुंग प्रांतातल्या वेइशिएनच्या नजरकैदेच्या छावणीत होता. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी मेंदूतल्या गाठीने तिथेच मेला. छावणी सुटली ऑगस्टमध्ये.

त्या छावणीत आईबापांपासून तुटलेली शाळकरी मुले बरीच होती. लिडेल त्यांना शिकवायचा, त्यांच्या मोडक्या हॉकी स्टिक दुरुस्त करायचा, खेळ लावून द्यायचा. रविवारी मात्र खेळ नाही, हा त्याचा नियम तिथेही चालू होता. एका रविवारी मुलांनी आपापसांतच हॉकीचा सामना मांडला. पंच नाही, त्यामुळे सामन्याची मारामारी झाली. पुढच्या रविवारी लिडेल शिट्टी घेऊन मैदानावर हजर.

पॅरिसचा रविवार आणि वेइशिएनचा रविवार, हे दोन्ही एकाच माणसाचे. ऑलिंपिकचे सुवर्णपदक पणाला लागले तेव्हा जो हलला नाही, तो कैदेतली पोरे एकमेकांची डोकी फोडू नयेत म्हणून हलला. पहिल्या वेळी नियम त्याने स्वतःपुरता पाळला होता, दुसऱ्या वेळी प्रश्न लेकरांचा होता. शब्बाथ माणसासाठी आहे, हे प्रभूने कणसे मोडणाऱ्या शिष्यांची बाजू घेताना सांगितलेच होते. माझ्या मते लिडेलच्या आयुष्यातला विश्वासाचा मोठा धडा ४७.६ सेकंदांत नाही, त्या शिट्टीत आहे. त्याच छावणीत स्टीफन मेटकाफ नावाच्या पोराला त्याने आपले झिजलेले धावण्याचे बूट दिले आणि जपानी पहारेकऱ्यांसाठी प्रार्थना करायला शिकवले. तो मेटकाफ पुढे मिशनरी म्हणून जपानला गेला. आता सांगा, यातले किती आपल्या बायबल शाळेच्या तक्त्यावर असते?

क्रिकेटवाल्यांसाठी सी. टी. स्टड आहे. १८८२ च्या ओव्हल कसोटीत, जिच्यामुळे 'अ‍ॅशेस' हा शब्द जन्मला, इंग्लंडला जिंकायला ८५ धावा हव्या होत्या. त्या मोसमात ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन शतके ठोकलेला स्टड दहाव्या क्रमांकावर आला, आणि त्याला एकही चेंडू खेळायला मिळायच्या आत समोरचा फलंदाज पीट बाद झाला. इंग्लंड सात धावांनी हरले, स्टड नाबाद शून्य. तीनच वर्षांनी क्रिकेट सोडून तो चीनला गेला, तिथे असताना वारशाचा पैसाही देऊन टाकला, नंतर सहा वर्षे आपल्या उटीला पाळक होता, शेवटी काँगोत मेला. शेवटच्या वर्षांत त्याच्या कडकपणाने सोबतीही दुरावले, तेही सांगायला हरकत नाही. बिनडागाचा संत मुलांना खरा वाटत नाही.

आणि डेव्हिड शेपर्ड. इंग्लंडचा कसोटीपटू, पुढे लिव्हरपूलचा बिशप. १९६० मध्ये वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेच्या संघाविरुद्ध खेळायला त्याने नकार दिला. १९६८ मध्ये बेसिल डॉलिव्हेरा या अश्वेत खेळाडूच्या निवडीच्या प्रकरणावरून त्याने एमसीसीच्या सभासदांपुढे आपल्याच क्लबच्या कारभाराविरुद्ध ठराव मांडला. तो ठराव पडला. मतमोजणीत हरलेला हा खेळाडू कुठल्याही उपदेशात मी ऐकलेला नाही.

एवढे लांबचे दाखले कशाला, असे म्हणाल तर खो-खो आहेच. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने ज्याचे नियम बांधले, तो आपल्या मातीतला खेळ. आठ जण ओळीने बसलेले, एकाआड एक तोंड विरुद्ध दिशेला, धावणारा नववा. त्याने एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नाही. बसलेल्याला आपणहून उठता येत नाही, कितीही चपळ असला तरी. मागून पाठीवर हात पडावा लागतो आणि 'खो' ऐकू यावा लागतो, तोवर तयारीत बसून राहायचे, पायाचा पंजा जमिनीत रोवून. आणि ज्याने खो दिला त्याने त्याच क्षणी त्या जागी खाली बसायचे. बोलावणे, वाट पाहणे, काम दुसऱ्याच्या हाती देऊन आपण बसणे, हे सगळे एका डावात आहे. नवीन पोरांना यातले सर्वांत कठीण काय जाते, सांगतो. धावणे नव्हे, सूर मारणेही नव्हे. खो देऊन बसणे. गडी हातातोंडाशी आला आहे असे वाटत असते आणि आपलाच हात त्याला लागावा अशी हाव सुटते. दम लागलेला असतानाही खो न देता पळत राहतात, आणि गडी निसटतो. मंडळ्यांच्या कमिट्यांवर वीस-वीस वर्षे एकाच जागेवर धावणारे आपले वडीलजन मला अशा वेळी आठवतात. हा उपदेश कुणी एकदा खरोखर करावा. मी पुढच्या बाकावर येऊन बसेन.

रविवारच्या सामन्यांचा प्रश्न राहिला. महाराष्ट्रात निवड चाचण्या आणि स्पर्धा पुष्कळदा रविवारी असतात, कारण शाळेला सुट्टी असते. पोर उपासना चुकवते म्हणून घरात भांडणे होतात आणि पालक पाळकसाहेबांकडे येतात. अशा वेळी लिडेलचे पॅरिस त्या पोराच्या डोक्यावर आपटू नका. लिडेलने तो निर्णय बावीस वर्षांचा असताना, स्वतः, विचार करून घेतला होता. बारा वर्षांच्या मुलाकडून आपण तो घेऊ नये. सामना दुपारी असेल तर सकाळी सातला छोटी उपासना ठेवता येते. काही धर्मग्रामांत शनिवारी संध्याकाळचा मिस्सा असतो, तिथल्या मुलांची अडचण सुटते. आणि मैदान लांब नसेल तर पाळकसाहेबांनी स्वतःच तिकडे चक्कर मारावी. मुले ते विसरत नाहीत.

शेवटी एक विनंती. नाताळानंतर बहुतेक मंडळ्यांच्या तरुण संघांचे सामने होतात. बक्षीस समारंभात विजेत्या संघाचा कर्णधार साक्ष देतो, टाळ्या पडतात, आभारगीत होते. यंदा हरलेल्या संघाच्या कर्णधारालाही माइक द्या. राखीव म्हणून पूर्ण स्पर्धा कडेला बसलेल्या एखाद्या पोराला द्या. सामन्याआधी प्रार्थना कराल ती दोन्ही संघांसाठी एकत्र करा, आणि पंचासाठीही करा, त्याला शिव्या खाव्या लागतात. वेळ पुरत नसेल तर पाहुण्यांच्या सत्काराच्या शाली कमी करा.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक